कानातली पहिली पाळी

१

आनंदा घाडीच्या छातीत जळजळ व्हायची ती तुळसाच्या हातच्या, बांगडा माशाच्या झणझणीत तिखल्यामुळे, आणि ही गोष्ट कबूल करण्यापेक्षा त्याने जीव दिला असता. लालबागेतल्या चाळीत, दुसऱ्या माळ्यावर, आठ नंबरच्या खोलीत तुळसाची खाणावळ. सकाळ-संध्याकाळ बावीस माणसं जेवून जायची, तेविसावा आनंदा. सगळ्यांचे हात धुऊन झाले की तुळसाचा नवरा नव्हे, जसा काही गिऱ्हाईकच, अशा थाटात तो बसायचा, पातेल्याचा तळ भाताने पुसून घ्यायचा आणि मग गॅलरीत छाती चोळत उभा राहायचा. "हवा बदललीय," म्हणायचा. वर्षाचे बारा महिने त्याची हवा बदललेलीच.

गिरण्यांच्या संपाला नऊ वर्षं झाली होती. आनंदा चोवीस वर्षं साचेवाला होता. साचा म्हणजे कापड विणायचा माग, आणि असे चार साचे तो एकटा सांभाळायचा. गिरणी गेली ती गेलीच. पहिली दोन वर्षं त्याने तोंड पाडून काढली, पण माणूस तोंड पाडून पाडून किती पाडणार? शिवाय तुळसाला कांदा चिरायला हात हवाच होता. तो मंडईत जायला लागला, बांगड्याचे डोळे बघून ताजा की शिळा ते सांगायला लागला, आणि उरलेला जीव त्याने सगळाच्या सगळा मृदंगात घातला. उत्तमबुवाच्या भजन मंडळात मृदंगाला आनंदा घाडी आहे म्हटलं की नायगावपासून भायखळ्यापर्यंतची माणसं सरसावून बसायची. पन्नाशीच्या माणसाला कुणी पोरासारखं उचलून घेतं का? त्याला घ्यायची. संपात जे गेलं त्याच्या बदल्यात देवाने आपल्याला एवढं एक दिलंय, असं तो खरोखर मानत होता.

तर त्या वर्षी आषाढ संपता संपता जळजळ फारच वाढली. एकदा तालमीत ऐन गजरात त्याला करपट ढेकर आला आणि लय सुटली. उत्तमबुवाने पेटी थांबवली. हा उत्तमही एकेकाळचा साचेवालाच, आनंदाच्याच खात्यातला, पण पेटीवर बसला की तो कुणाचा मित्र नसायचा. गणपतीतल्या रविवारी नायगावला मोठी डबलबारी ठरली होती. एका मांडवात दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला गाण्यातच उत्तर द्यायचं, आणि सरस कोण ते लोकांनी ठरवायचं. समोर भायखळ्याचे बुवा होते आणि गेली तीन वर्षं तेच भारी पडत होते.

"आनंदा, तुझ्या पोटाचा काय ता बघ," उत्तमबुवा म्हणाला. "नायतर माका दुसरो मृदंगवालो बघूचो लागात."

आनंदा हसला खरा, पण त्या रात्री त्याला घास गेला नाही. मृदंग काढून घेतला तर मागे आपण काय उरतो, याचा त्याने पहिल्यांदाच विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात जाऊन बसला.

२

डॉक्टर अंबिका केंकरे परळ नाक्याजवळ बसायच्या. अर्ध्या गिरणगावाचे खोकले त्यांना आवाजावरून ओळखू यायचे. त्यांनी आनंदाचं पोट दाबलं, जीभ पाहिली, काय काय खाता ते विचारलं, आणि त्याने सांगितलेल्यातलं निम्मंच खरं मानून एक गुलाबी गोळी लिहून दिली. सकाळी एक, रात्री एक.

गोळी कसली, जादूच. तिसऱ्या दिवशी जळजळ गेली. श्रावणात मासे बंद, पण तुळसाचं काळ्या वाटाण्याचं सांबारं काही कमी जहाल नसे, आणि आनंदाने ते दोन-दोन वाट्या ओरपलं. तालमीत त्याचा हात असा काही पडू लागला की झांजा वाजवणारा विठोबा मध्येच झांजा थांबवून नुसता बघत बसला. विठोबाही जुना साचेवाला, उत्तमचा शेजारी. त्याला शिव्या देत उत्तमबुवाने पुन्हा सुरुवात करायला लावली.

नवव्या दिवशी सकाळी आनंदा कांदा चिरायला बसला आणि त्याच्या कानात वाजायला लागलं. आधी त्याला वाटलं, शेजारच्या कालिंदीने नवा मिक्सर आणलाय. म्हणून तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला. कालिंदी तांदूळ निवडत होती.

"काय हवंय भावजी?" तिने विचारलं.

"काय नाय. मिक्सर कसा चालतो ते बघायला आलो."

"आमच्याकडे कुठला आलाय मिक्सर? तुमच्या तोंडात साखर पडो."

तो परत आला. कानात बारीक, एकसुरी घूं चालू होती, आणि तिच्याखाली काहीतरी आपटत होतं. चार दिवस असंच चाललं. पाचव्या दिवशी तो पुन्हा दवाखान्यात.

"बाई, ही जळजळीची गोळी खाऊन कान वाजतात काय?"

केंकरेबाईंनी चष्मा काढला. "हजारात एखाद्याचे वाजत असतील. छातीवर हात ठेवून कुणीच सांगू शकणार नाही. पण घाडी, तुम्ही चोवीस वर्षं साच्यांत काढलीत. तुमचे कान आजवर वाजले नाहीत, हेच मला नवल वाटतं. असं करू, दहा दिवस गोळी बंद. त्याऐवजी हे पातळ औषध घ्या. आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा, कधी वाजतात, कधी थांबतात. म्हणजे गोळीचा दोष की गिरणीचा, ते कळेल."

"पण बाई, मी पोट सांभाळू की कान?"

"जीभ सांभाळा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

३

आनंदाने इमानदारीत लिहायला सुरुवात केली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तिथीच्या खाली, पेन्सिलीने. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो कॅलेंडरसमोर उभा राहिला आणि बराच वेळ तिथून हललाच नाही. रोज सकाळी सातला सुरू. अकराला बंद. साडेअकराला परत सुरू. दुपारी साडेतीनला बंद.

"काय झालं? खिळा पडला काय कॅलेंडरचा?" तुळसाने विचारलं.

"नाय गो. बरोबर आहे सगळं," तो म्हणाला. आणि ते बरोबरच होतं. ती गिरणीची पहिली पाळी होती, मधली जेवणाची सुट्टीसुद्धा धरून. त्याने मनाची समजूत घातली. शरीराला सवय असते, चोवीस वर्षांची भूक जशी वेळेवर लागते तसेच कान वेळेवर वाजतात, त्यात काय मोठंसं? पण मग रविवार आला आणि त्या दिवशी कान वाजलेच नाहीत. आनंदाने तिथीखाली 'सुट्टी' असं लिहिलं आणि आपणच लिहिलेल्या त्या शब्दाकडे बघून त्याच्या मानेवर काटा आला.

तालमीला त्याने ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. वाटलं होतं, उत्तम आणि विठोबा पोट धरून हसतील. दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"तुझे कधीपासून?" उत्तमने विचारलं.

"गोळीपासून."

"मी गोळीबिळी घेत नाय," उत्तम म्हणाला. "माझे महिना झाला वाजतायत. साडेतीनला बंद."

विठोबाने झांजा खाली ठेवल्या. "मी बायकोला पण सांगितलं नव्हतं. म्हटलं, म्हातारपण आलं म्हणेल."

 मग विठोबाच फिसकन हसला, आणि त्याच्या मागून तिघंही असे हसत सुटले की खालच्या माळ्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं. त्यात भिण्यासारखं काय होतं? तिघे दोस्त, तिघांना एकच दुखणं, तेही सुट्टीबिट्टी घेणारं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवाच कार्यक्रम सुरू केला. सव्वातीनला तिघं आनंदाच्या गॅलरीत स्टुलं टाकून बसायचे. समोर बंद गिरणीच्या साचेखात्याची लांबच लांब भिंत, तिच्या मळकट खिडक्या, वर पत्र्याचं करवतीसारखं छप्पर. साचे कधीच भंगारात गेले होते, आत मोकळी जमीन होती हे अख्ख्या लालबागला माहीत होतं. तिघं घड्याळाकडे बघत बसायचे आणि साडेतीनच्या ठोक्याला तिघांच्याही तोंडून एकदम 'हुश्श' निघायचं.

"सुटली रे पाळी," उत्तम म्हणायचा. मग तुळसा तीन कप चहा आणायची आणि या वयात तीन म्हाताऱ्यांना कसली एवढी मजा येते म्हणून डोक्यावर हात मारून घ्यायची. आनंदाला खूप दिवसांनी इतकं बरं वाटत होतं. नऊ वर्षांनी ते तिघं पुन्हा एका पाळीत होते.

शिवाय डबलबारी संध्याकाळी पाचची, तीही रविवारी. कान तोवर मोकळेच असणार होते. उत्तमबुवाने दुसरा मृदंगवाला शोधायची भाषा सोडून दिली.

४

गोळी बंद करून दहा दिवस झाले आणि आवाज कमी होण्याऐवजी स्वच्छ झाला. इतके दिवस त्याच्यावर कुणी गोधडी टाकली होती आणि ती आता काढली, असं आनंदाला वाटलं. घूं नव्हतीच ती. साचेच होते. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे मारल्याचा फटका, परत तिकडून इकडे. त्याने त्याचे चारही साचे ओळखले. तिसऱ्याचा फटका नेहमी किंचित मागे पडायचा, जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, दहादा सांगूनही दुरुस्त न झालेला. आनंदाचे डोळे भरून आले. कांदा चिरताना ते बरं लपलं.

मग त्याने मोजलं, तर साचे आठ होते.

पलीकडचे चार रघूचे. ते त्याला न मोजताही कळले असते, कारण बारा वर्षं रघू त्याच्या शेजारी उभा होता. रघू एकटा जीव, बायको गावी, आणि दोन्ही वेळ जेवायला तुळसाकडे; ती त्याला भावजी म्हणायची. भाताला नाही म्हणणं त्याला जमत नसे. आता साचेखात्यातली रीत सांगायला हवी. तिथे आवाज असा की शेजारच्याने कानात बोंब मारली तरी ऐकू येणार नाही. म्हणून कुणी आवाजाने बोलतच नसे. ओठ हलवायचे, बोटांनी खुणा करायच्या. साचेवाल्यांच्या बायकाही ही भाषा शिकलेल्या. तुळसा याच गॅलरीत उभी राहून खिडकीतल्या आनंदाला आज काय शिजवलंय ते नुसत्या ओठांनी सांगायची. आणि कुणाला चहाला, लघवीला जायचं असलं तर तो शेजाऱ्याला खूण करायचा, माझे साचे बघ, आलोच. शेजाऱ्याने मान हलवायची. ती मान इतकी सवयीची की समोरचा काय म्हणाला ते कळायच्या आधीच हलायची. एकदा मान हलवली की तो परत येईपर्यंत त्याचे साचे तुमचे. त्यात कसूर केलेला साचेवाला आनंदाने पाहिला नव्हता.

संपाच्या आधीच्या शेवटच्या पाळीला, तीनच्या सुमारास, रघूने त्याला ती खूण केली होती आणि आनंदाने मान हलवली होती. मग घोषणा सुरू झाल्या, साचे एकेक करून थांबले, माणसं लोंढ्याने दाराकडे गेली. रघू त्याच संध्याकाळी गावची गाडी धरून गेला आणि शिमग्यात तिकडेच तापाने वारला.

ही आठवण आनंदाला नऊ वर्षांत आली नव्हती. आता ती आली आणि जाईना. तो स्वतःलाच रागावला. अरे, तुझ्या कानाचा पडदा खराब झालाय, बाई म्हणतात ते खरं, आणि तू मेलेल्या माणसाला कशाला मध्ये आणतोस?

गणपती बसले. त्याच दिवशी, गुरुवारी, तिघं गॅलरीत बसले होते. साडेतीन वाजले. उत्तमने हुश्श केलं, विठोबाने केलं. आनंदाचं तोंड उघडं राहिलं, पण त्यातून काही निघालं नाही. त्याचे चार साचे थांबले होते. बाकीचे चार चालू होते.

"काय रे, सुटली नाय तुझी?" विठोबाने विचारलं. आनंदाला ते ऐकू आलं नाही. विठोबाच्या ओठांवरून कळलं.

तुळसा चहा घेऊन आली आणि त्याच्याकडे बघून तिथेच थांबली. "तुमी माझ्या तोंडाकडे असे काय बघतास?" ती म्हणाली, आणि तेही त्याने ओठांवरूनच वाचलं.

त्या रात्री त्याने गुपचूप गुलाबी गोळी घेतली. आवाजावर परत गोधडी पडली, पण आवाज थांबला नाही. शुक्रवार तसाच, शनिवार तसाच. शनिवारच्या तालमीत तो दोनदा चुकला. उत्तमबुवाने पेटीचा भाता मिटवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून, ओठ अगदी सावकाश हलवून म्हणाला, "उद्या रविवार आसा. खाता बंद. घाबरू नको." उत्तमने दुसऱ्या कुणाचं नावही काढलं नाही. आनंदाला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं.

५

रविवारी कानात चिटपाखरू नव्हतं. सकाळी सातला आनंदा अंथरुणात बसून वाट बघत होता. सात वाजून गेले. त्याला नळाची धार ऐकू आली, तुळसाचा स्टोव्ह ऐकू आला, खालच्या माळ्यावरचं भांडण शब्द न शब्द ऐकू आलं. ते भांडण त्याला इतकं गोड लागलं की तो उठून गॅलरीत जाऊन ते ऐकत उभा राहिला. तुळसाच्या मागे जाऊन त्याने तिला उगाचच तिच्या नावाने हाक मारली. "सणाचा दिवस आहे, कामात येऊ नका," ती म्हणाली, पण हसत होती.

नायगावचा मांडव भरून वाहत होता. पोलिसांच्या बायका, बीडीडी चाळींतली म्हातारी माणसं, खांबांवर चढलेली पोरं. पहिली फेरी छान गेली. भायखळ्याच्या बुवांनी खणखणीत सवाल टाकला आणि लोकांनी माना डोलावल्या. आता उत्तर उत्तमबुवाचं. आनंदाने मृदंगाच्या तोंडावर कणीक थापली, ओला हात फडक्याला पुसला, पहिली थाप मारली, आणि ती त्याला ऐकू आली नाही.

आठही साचे एकदम सुरू झाले होते. रविवार असून. तो आवाज बाहेरचा की आतला, असा प्रश्नच उरला नाही. बुडाखालची सतरंजी हादरत होती. समोर हजार माणसं टाळ्या वाजवत होती आणि त्याला एकही टाळी ऐकू येत नव्हती. आनंदाने उत्तमच्या ओठांवर नजर रोवली आणि त्या ओठांच्या आधाराने तो वाजवायला लागला. बोटं पडत होती, पण लय कुठे आहे ते त्याला समजत नव्हतं. उत्तमच्या भुवया एकदा वर गेल्या. भायखळ्याच्या बाजूला कुणीतरी हसलं. गेलं, आनंदाला वाटलं, आता सगळंच गेलं.

गजर चढायला लागला तशी त्याची नजर उत्तमवरून झांजेवाल्यांच्या रांगेवर गेली. विठोबा, त्याच्या पलीकडे दोघं, आणि त्यांच्या मागे, कनातीला लागून, आणखी एक जण. सगळ्यांचे ओठ देवाच्या नावावर एकसारखे हलत होते. त्याचे तेवढे वेगळे हलत होते. शांतपणे, रुंद, साचेखात्यात हलवायचे तसे. तोंडावर सावली होती, ओठ आणि मिशी तेवढी दिसत होती, आणि मिशीवर पांढरा भुरा, साचेखात्यात सुताचा बसायचा तसा. अंगारा असेल, गणपतीचा मांडव आहे, आनंदाने मनाशी म्हटलं.

तेवढ्यात आनंदाची मान हलली. त्याने हलवली नाही. ती हलली.

साचे बंद पडले. आणि त्या शांततेत मृदंग असा काही घुमला की आनंदाच्या अंगावर शहारे आले. ते वाजवणं ज्यांनी ऐकलं ते अजून सांगतात. उत्तमबुवाने गजर दुप्पट केला, तिप्पट केला, मृदंग त्याच्या पुढे पुढे पळाला. विठोबा उभा राहून झांजा वाजवायला लागला. भायखळ्याच्या बुवांनी पेटीवरून हात उचलून दोन्ही हात जोडले. माणसांनी आनंदाला मृदंगासकट उचललं आणि मांडवभर नाचवलं. वरून त्याने कनातीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

६

टेम्पोत बसून सगळे परत निघाले. पेढे वाटले गेले, उत्तमबुवाने सगळ्यांसमोर आनंदाचे गालगुच्चे घेतले, विठोबा तर रडलाच. डबलबारी बघायला आलेली तुळसा टेम्पोच्या कडेला बसली होती. तिने कुणाचं लक्ष नाही बघून आनंदाचा हात आपल्या पदराखाली घेतला आणि त्याची सुजलेली बोटं हळूहळू चोळली. आनंदा त्या वेळी लालबागमधला सगळ्यात सुखी माणूस होता.

परळचा पूल ओलांडताना त्याला ते ओठ आठवले. इतका वेळ नुसते दिसले होते. आता त्याने ते सवयीप्रमाणे वाचले.

'आलो मी. आता मी बघतो. तू सातला ये.'

आणि त्याने मान हलवली होती.

"थंडी वाजते काय?" तुळसाने विचारलं. "हात गार पडलो तुमचो."

"दमलो गो," तो म्हणाला. गोळी, त्याने स्वतःला बजावलं. गोळी चालू, गोळी बंद, परत चालू, त्यात दिवसभर उपाशी पोटी ढोसलेला चहा. माणसाला काय काय दिसेल. उद्या उठल्या उठल्या केंकरेबाईंकडे जायचं आणि सगळं सांगायचं. हातातला पेढा त्याने न खाताच तुळसाच्या हातावर ठेवला.

७

सोमवारी तो जागा झाला तेव्हा तुळसा सकाळच्या पंगतीच्या तयारीला लागली होती. खिडकीत उजेड होता. तिने परातीत पीठ ओतलं. आवाज नाही. तिने पातेलं उचलून स्टोव्हवर आदळलं. आवाज नाही. निळी ज्योत भडकलेली दिसत होती, पण तिची फरफर नव्हती. कानात साचेही नव्हते. काहीच नव्हतं. मांडवात आवाज थांबल्यावर इतकं हलकं वाटलं होतं, आणि आता या शांततेत त्याला श्वास घेणंही अवघड झालं.

घड्याळात सातला चार मिनिटं कमी होती. हे त्याने पाहिलं ते दारातून. आपण उठलो कधी, सदरा घातला कधी, त्याला आठवेना. पायात चपला होत्या. गॅलरीच्या पलीकडे साचेखात्याची भिंत सकाळच्या उन्हात स्वच्छ दिसत होती, आणि खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत नव्हती. बरं वाटत होतं. नऊ वर्षांनी कुणीतरी त्याला कामावर बोलावलं होतं. त्याचा उजवा पाय उंबऱ्याबाहेर पडला.

सदऱ्याच्या कॉलरला हिसका बसला. तुळसाने त्याला मागे ओढून गर्रकन आपल्याकडे वळवलं. तिच्या हाताला पीठ होतं.

"खंय चल्लात?" तिचे ओठ म्हणाले.

"कामाक," त्याचे ओठ म्हणाले.

तुळसा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे, गॅलरीत गेली आणि तिथेच थांबली. आनंदाने तिचा चेहरा निरखून पाहिला, कारण वळून बघायची त्याची छाती नव्हती. ती घाबरलेली नव्हती. पातेलं रिकामं झाल्यावर एखादं नेहमीचं माणूस दारात उभं राहिलं की ती बघते, तशी ती बघत होती. तिने आनंदाची कॉलर आणखी घट्ट धरली आणि गॅलरीतून खिडकीशी बोलायची तसे ओठ रुंद केले.

"भावजी," तिचे ओठ म्हणाले, "ह्ये येवचे नायत. आता ह्ये माझे. जेवूचा असात तर बसा."

ती थांबली. समोरून उत्तर येत असावं तशी थोडा वेळ बघत राहिली. मग एक पाऊल बाजूला सरकली आणि तिने आनंदालाही दारातून बाजूला घेतलं. त्याच्या दंडाला लागून गार वारा आत गेला. त्या वाऱ्याला सुताचा आणि तेलाचा वास होता.

आणि मग त्याला ऐकू आलं. त्याच्या पाठीमागे, खोलीत, भिंतीला टेकवलेला पाट कुणीतरी ओढून घेतला आणि जमिनीवर मांडला. त्या आवाजामागोमाग सगळे आवाज धावत आले. स्टोव्ह, नळ, कालिंदीचा रेडिओ, समोरच्या रस्त्यावरची बस. घड्याळाने सातचे ठोके दिले आणि आनंदाने ते सातही मोजले. त्याला रडू यायला लागलं आणि ते रडू सुखाचं होतं, हे त्याला पक्कं कळत होतं.

तुळसाने ताट घेतलं. पहाटेच शिजवून ठेवलेला भात वाढला, काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं, लिंबाची फोड ठेवली. तिने वाढण्यात काही कमी केलं नाही. ताट खाली ठेवून ती कमरेवर हात देऊन वळली.

"उभे काय रवलात?" ती मोठ्या आवाजात म्हणाली. "पाणी द्या भावजींका."

आनंदाने तांब्या भरला. नजर जमिनीवरून उचलायची नाही असं ठरवून तो फरशी मोजत मोजत पाटापर्यंत गेला आणि वाकून त्याने तांब्या ताटाशेजारी ठेवला. भाताच्या ढिगाची एक बाजू तोवर खाऊन झाली होती.